बांधाला धनी कोण?

औशाच्या भागात पाण्याची गोष्ट निघाली की ती टंचाईचीच असते. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या आकड्याने आपल्या मनात घर केले आहे. म्हणून हिशेब त्याच मापाने करून पाहू. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे नेहमीचे शेततळे भरले की त्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. म्हणजे त्या रेल्वेच्या चार खेपांहून जास्त. एखाद्या बागायतदाराने स्वतःच्या शिवारात नाला अडवून मातीचा बांध घातला आणि त्यामागे एक लाख घनमीटर पाणी साठले, तर ते दहा कोटी लिटर झाले. ही दोनशे रेल्वेगाड्या भरतील इतके पाणी, वजन एक लाख टन, आणि ते थोपवून धरणारी वस्तू म्हणजे दाबून बसवलेली माती.

पाण्याच्या अभावाचा आपला अभ्यास दांडगा आहे. पाण्याच्या वजनाचा अभ्यास मात्र आपण सरकारी धरणांवर आणि त्यांच्या अभियंत्यांवर सोडून दिला. मी अभियंता नाही. जुने अहवाल, न्यायनिवाडे आणि पाटबंधाऱ्यांची पाठ्यपुस्तके वाचत आणि तालुक्यातले बांध पायी पाहत जे कळले, ते येथे मांडतो आहे. विषय लहान, खासगी मालकीच्या मातीच्या बांधांचा आहे. असे बांध का फुटतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे कोणाचे काम, हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

कायद्याच्या खाली राहिलेले बांध

मोठ्या धरणांसाठी आता कायदा आहे. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच असलेल्या प्रत्येक धरणाला लागू होतो. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी पाचशे मीटर किंवा अधिक आहे, ज्यांत दहा लाख घनमीटर किंवा अधिक साठा आहे, अशा काहींना तो लागू होतो. या कायद्यात मालक म्हणजे केवळ सरकार नव्हे. कंपनी, स्थानिक संस्था किंवा धरण बांधणारी, चालवणारी व्यक्तीही त्यात येते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात नाशिकची धरण सुरक्षितता संघटना हे काम कितीतरी आधीपासून पाहते.

पण आपल्या शिवारातला खासगी बांध बहुधा पाच-सात मीटरचा असतो. तो या चाळणीतून खाली पडतो. त्याची तपासणी करायला कोणी येत नाही, आणि मालकाने ती करावी असे त्याला सांगणारेही कोणी नसते. खालच्या अंगाला वस्ती, आखाडा, विहीर, रस्त्याची मोरी काहीही असू शकते. पाणी कायद्याची उंची मोजून वाहत नाही.

मातीची भिंत कशी उभी राहते

चांगला मातीचा बांध म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. मधोमध चिकण किंवा काळ्या मातीचा गाभा असतो, त्याला कामावरचे लोक हार्टिंग म्हणतात. दोन्ही बाजूंनी मुरमाचे कवच असते, ते केसिंग. गाभ्याखाली कठीण थरापर्यंत चर खणून ती काळ्या मातीने भरलेली असते, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांसाठी दगडी पिचिंग, खालच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी माती न नेता बाहेर पडावे म्हणून दगड-वाळूची गाळणी, आणि एका टोकाला, शक्यतो मूळ जमिनीत कापलेला सांडवा. माती योग्य ओलीवर, वीतभर जाडीच्या थरांनी, रोलर किंवा धुम्मस चालवून दाबलेली हवी. कोरडी माती ट्रॅक्टरने लोटून केलेला भराव बाहेरून तसाच दिसतो. फरक पहिल्या मोठ्या भरतीला कळतो.

असा बांध प्रामुख्याने तीन प्रकारांनी जातो. पहिला, पाणी माथ्यावरून वाहते; माती वरून खाली खरवडत जाते आणि काही तासांत खिंडार पडते. दुसरा, आतून पाझर वाहताना मातीचे कण सोबत नेतो, बारीक वाट होते, वाटेची नळी होते आणि नळी वाढत वाढत वरचा भराव आत बसतो. तिसरा, भिजलेला उतार घसरतो. पहिल्या प्रकाराचे मूळ बहुधा सांडव्यात असते आणि दुसऱ्याचे भेगांत, मुळांत, बिळांत किंवा भरावातून नेलेल्या नळात. 12 जुलै 1961 रोजी फुटलेले पानशेतचे धरण मातीचेच होते. तेथे विमोचकाचे, म्हणजे भरावाखालून पाणी काढण्याच्या मार्गाचे, काम पुरे झालेले नसताना पाणी अडले, आणि त्याच भागात भराव खचू लागला. मातीतून नळ जातो तेथे माती आणि नळ यांच्यामधली सांध ही पाण्याची आवडती वाट असते.

दुष्काळात बांध म्हातारा होतो

आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, आणि बाहेरच्या पुस्तकांत तिच्यावर पुरेसा भर नसतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा आपण पाहतो. तीच माती बांधाच्या गाभ्यात आहे. वरचा मुरूम वाहून गेला, माथ्यावरचे आच्छादन पातळ झाले की उन्हाळा थेट गाभ्यापर्यंत पोचतो. तळे दोन-तीन वर्षे कोरडे राहिले तर भेगा वरून खाली, खोलवर जातात.

आणि मराठवाड्यात पाऊस कसा येतो? वर्षाची सरासरी सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास, पण तिचा मोठा हिस्सा कधी कधी सप्टेंबरच्या चार दिवसांत. 2016 चेच पाहा. ज्या वर्षाच्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले, त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरले. कित्येक वर्षे वाळत पडलेल्या लहान बांधांवर अशा वेळी एकदम पूर्ण भार येतो. भेगांना फुगून मिटायला वेळ हवा असतो. पाणी सावकाश चढले तर त्या मिटतात. एका रात्रीत चढले तर पाणी भेगेतच शिरते.

म्हणून माझे पहिले निरीक्षण असे, की आपल्याकडे लहान बांध पावसाने फुटतो हे अर्धेच खरे आहे. तो दुष्काळात कमकुवत होतो आणि पावसात फुटतो. तळे कोरडे असते तेव्हा त्याकडे कोणी फिरकत नाही, कारण पाहायला पाणीच नसते. नेमका तोच काळ देखभालीचा असतो.

भूकंपाचाही विचार करावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने ज्या किल्लारीचे नाव जगाला कळले, ते याच तालुक्यातले. हादऱ्याने मातीचा भराव थोडा बसतो आणि माथ्यावर लांबीच्या दिशेने भेगा पडू शकतात. त्याआधीच्या बांधांचा माथा सरळ रेषेत आहे की मधे झोळ आला आहे, हे एकदा दोरी किंवा पाण्याची नळी लावून पाहिले पाहिजे. झोळ आहे तेथूनच पाणी सर्वांत आधी माथा ओलांडते.

सांडव्याचा हिशेब

सांडवा अडवणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत धोकादायक सवय. आणखी वीतभर पाणी साठावे म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचतात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात. पहिल्या पुरात तिला काडीकचरा अडकतो आणि जाळीची भिंत होते. याने काय होते ते आकड्यांत पाहू.

समजा पाणलोट एक चौरस किलोमीटरचा, म्हणजे सुमारे अडीचशे एकरांचा आहे. तीन तासांत शंभर मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला अर्धा वाहून तळ्यात आला. हे पन्नास हजार घनमीटर झाले. सरासरी सेकंदाला साडेचार घनमीटरहून थोडे जास्त. तळे आधीच भरलेले असेल तर एवढे सगळे सांडव्यातून जायला हवे. रुंद उंबऱ्यावरून जाणाऱ्या पाण्याचे ढोबळ सूत्र असे: पाण्याची उंची गुणिले तिचे वर्गमूळ, त्याला सांडव्याच्या रुंदीने आणि 1.7 ने गुणायचे. सांडवा आठ मीटर रुंद असेल तर पाणी त्यावरून सुमारे अर्धा मीटर उंचीने वाहील. कचऱ्याने तो चार मीटर उरला तर पाऊण मीटरहून थोडे जास्त. दोन मीटरच उरला तर सव्वा मीटरच्या जवळपास.

आता बांधाचा माथा सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा एक मीटर उंच आहे असे धरा. आठ मीटरच्या मोकळ्या सांडव्याला अर्धा मीटर शिल्लक राहते. दोन मीटर उरलेल्या सांडव्यात पाणी माथ्यावरून जाते. आणि रुंदी पूर्ण आठ मीटर असूनही वर अर्धा मीटर पोती रचली असतील, तर पोत्यांचा अर्धा आणि वाहत्या पाण्याचा अर्धा मिळून तो एक मीटर संपतो. खरा पूर सरासरीने येत नाही, मधला जोर याहून मोठा असतो. वीतभर जादा पाण्यासाठी आपण काय गहाण टाकतो, ते या हिशेबात दिसते.

वाटणीत गेलेला सांडवा

पोती आणि जाळी डोळ्यांना दिसतात. काही गोष्टी दिसत नाहीत. मोटारीची पाइपलाइन न्यायची म्हणून बांध आडवा खणतात आणि तीच माती न दाबता परत लोटतात. ही भरावातली आयती वाट. बांधावर वेडी बाभूळ माजते. झाड तोडले तरी मुळे आत कुजतात आणि मागे पोकळी ठेवतात. घुशी, घोरपडी, खेकडे बिळे करतात. जनावरांच्या पायवाटेने माथा झिजतो. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेने तळ्यांतला गाळ शेतात गेला, ते चांगलेच झाले. पण बांधाच्या अगदी पायथ्याशी खणले तर झिरपा रोखून धरणारा गाळाचा थरही जातो आणि पायथ्याचा आधारही.

यांहून अवघड गोष्ट आहे वाटणी. बाप तळे बांधतो. मुलांच्या वाटण्यांत तळ्याचा तुकडा एकाकडे, बांधाचा दुसऱ्याकडे आणि सांडव्याची चारी तिसऱ्याकडे जाते. तिसऱ्याला ती चारी म्हणजे वाया गेलेली जमीन. तो नांगर घालतो आणि दोन हंगामांत सांडव्याला पुढे वाटच राहत नाही. सातबाऱ्यावर जमिनीचा मालक सापडतो. बांध पाहणारा माणूस सापडत नाही.

मराठी मुलुखात खासगी तलावांचे सर्वांत मोठे उदाहरण पूर्व विदर्भातले आहे, आणि ते हेच सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने हजारो मातीचे तलाव बांधले. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. पुढे ते मालगुजारांच्या मालकीचे राहिले आणि मालगुजारी तलाव याच नावाने ओळखले गेले. मालगुजारी व्यवस्था अन्यायाची होती, आणि 1950 च्या कायद्याने ती संपली हे योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा होताना मालकी हस्तांतरित झाली, देखभालीची रीत झाली नाही. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी चढवायची, तुडुंब कोणी मोकळी ठेवायची, हे पूर्वी गावात ठरलेले असे. नंतर ते कार्यालयात गेले. पुष्कळ तलाव गाळाने भरले.

मालक, शेजारी आणि न्यायालय

बांध फुटला तर जबाबदार कोण, हा प्रश्न न्यायालयांनाही पडलेला आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने स्वतःच्या जागेत तळे बांधले. ठेकेदारांना खाली जुन्या खाणीच्या वाटा लागल्या, त्यांनी त्या नीट बुजवल्या नाहीत, आणि पाणी फ्लेचर या शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नव्हता. तरीही 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला जबाबदार धरले: जी वस्तू निसटली तर घात करील ती आपल्या जागेत आणून साठवणाऱ्याने तिचा धोकाही पत्करावा.

हाच नियम भारतात लावावा म्हणून मद्रास रेल्वे कंपनीने कार्वेटनगरच्या जमीनदारावर दावा लावला. त्याचे तलाव अतिवृष्टीत फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले होते. 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कंपनीविरुद्ध निकाल दिला. कारण मोलाचे आहे: हे तलाव पुरातन आहेत, लोकांचे जगणे त्यांवर आहे, ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, म्हणून त्याने वाजवी काळजी घेतली नसेल तरच तो जबाबदार. माझ्या मते या दोन निकालांच्या मधोमध आजचा बागायतदार उभा आहे. स्वतःच्या फायद्यासाठी नवा बांध घालणाऱ्याला कार्वेटनगरचा आधार सहज मिळेल असे वाटत नाही. मिळाला, तरी काळजी घेतली हे दाखवावे लागेल. ती कशाने दाखवणार?

अमेरिकेत 31 मे 1889 रोजी जॉन्सटाउन शहराच्या वर असलेला साउथ फोर्कचा मातीचा बांध फुटला आणि 2,209 माणसे गेली. तो श्रीमंतांच्या एका शिकारी-मासेमारी क्लबच्या मालकीचा होता. आधीच्या मालकाने पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून विकले होते; क्लबने घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला आणि सांडव्याला माशांसाठी जाळ्या लावल्या. यातली एकही गोष्ट आपल्याला परकी नाही. केनियात नाकुरूजवळ सोलाई येथे 9 मे 2018 च्या रात्री एका खासगी शेतावरचा बांध फुटून चाळीसहून अधिक लोक मेले. खालची वस्ती झोपलेली होती.

आणि आपले तिवरे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले हे लहान धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. ते सरकारी होते. गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधी केल्या होत्या. नंतर खेकड्यांना दोष देणारे मंत्र्यांचे विधान गाजले, आणि लोक हसले. खेकडा बीळ करतो हे खरे आहे. पण बीळ दिसल्यावर ते बुजवायला कोणी जायचे, हे ठरलेले नसेल तर दोष खेकड्याचा नाही. सरकारी काय आणि खासगी काय, फरक येथे पुसला जातो.

वही आणि बादली

मग मालकाने करायचे काय? यासाठी मोठा खर्च लागत नाही. आपले पंचांगच वेळापत्रक देते.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, तळे कोरडे किंवा तळाला असताना, बांध दोन्ही बाजूंनी चालून पाहावा. झुडपे मुळासकट काढावीत. मोठे जुने झाड मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय उपटू नये. भेगा आणि बिळे उकरून ओल्या मातीने थराथराने दाबून भरावीत; वरून लोटलेली सुकी माती ही नुसती झाकपाक. माथ्यावर मुरमाचा थर द्यावा, म्हणजे गाभा वाळत नाही. उतारावर गवत हवे, झाड नको. मृग लागण्याआधी सांडवा आणि त्याची पुढची चारी पूर्ण मोकळी करावी.

पावसाळ्यात, विशेषतः पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, पायथ्याचा पाझर मोजावा. तो एका चारीत आणून बादली लावायची आणि घड्याळ पाहायचे. पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरली तर दिवसाला त्रेचाळीस हजार लिटर झाले. पाझर असणे वाईट नाही. मातीचा बांध थोडा झिरपतोच. पाहायचे ते दोनच: तळ्यातली पातळी तीच असताना पाझर वाढतो आहे का, आणि पाणी स्वच्छ आहे की गढूळ. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती बाहेर येत आहे. दिवाळीनंतर पाणी उतरू लागले की पुन्हा एकदा फेरी. हे सगळे तारखेसह वहीत लिहायचे. तीच वही उद्या काळजीचा पुरावा होते.

गढूळ पाझर दिसला तर त्याचे तोंड खालून चिखलाने बंद करू नये. आतला दाब दुसरीकडे फुटतो. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी येते पण माती थांबते. त्याच वेळी मोटारी आणि सायफनच्या नळ्या लावून पातळी उतरवावी आणि खालच्या वस्तीला, तलाठ्याला, पोलीस पाटलाला कळवावे. पाणी माथ्याकडे चढत असेल तर भराव कधीही फोडू नये. सांडवा मोकळा करावा किंवा बांधाच्या टोकापलीकडे मूळ कठीण जमिनीत वाट काढावी. खाली राहणाऱ्यांचे फोन नंबर बांध भरण्याआधीच त्या वहीच्या पहिल्या पानावर हवेत.

वाटणी करताना तळे, बांध, सांडवा आणि चारी ही एकच वस्तू आहे असे कागदावर लिहावे, आणि पाहणी कोण करणार त्याचे नावही. पाणी वाटून घेता येते, पाळ्या लावता येतात. देखभालीच्या पाळीचा वार मात्र ठरलेला असावा लागतो, नाहीतर ती कोणाचीच राहत नाही.

यंदा ज्यांची तळी भरली आहेत त्यांना ही दिवाळीनंतरची फेरी करता येईल. ज्यांची कोरडी आहेत, त्यांच्याकडे काम जास्त आहे.